‘कबूल’ म्हणजे काय कबूल?

जनावरांच्या बाजारात सौदा पटतो तेव्हा विकणारा ‘देईन’ म्हणत नाही. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो आणि तो म्हणतो, ‘दिला!’ त्या क्षणी बैल त्याच्याच खुंट्याला बांधलेला असतो, कासरा त्याच्याच हाती असतो, पैसे घेणाऱ्याच्या कमरेला असतात. व्हायचे ते सगळे बाकी आणि क्रियापद मात्र भूतकाळी. तरी बाजारात कोणी त्याला ‘खोटे बोलतोस’ असे म्हणत नाही. कारण ‘दिला’ हा शब्द बैल दिल्याची बातमी सांगत नाही; त्या शब्दानेच बैल दिला जातो. तासाभराने कोणी जास्त पैसे देऊ केले म्हणून तो फिरला, तर लोक त्याला खोटारडा म्हणणार नाहीत, बेइमान म्हणतील. या दोन शिव्यांमधला फरक पुष्कळ काही सांगून जातो.

आपल्या जुन्या विद्वानांनी हा फरक फार बारकाईने पाहिला होता. अरबी बलागतीत आणि उसूल-ए-फिकहमध्ये बोलण्याचे दोन प्रकार मानले आहेत, खबर आणि इन्शा. ज्याला खरे की खोटे असे विचारता येते ती खबर. ‘पाऊस पडला’ ही खबर झाली. ज्या बोलण्यातून काही निर्माण होते ती इन्शा. हुकूम, दुआ, शपथ आणि सौदा, निकाह, तलाक यांचे शब्द या दुसऱ्या वर्गातले. त्यांना खरे-खोटे लागू होत नाही. ते सही ठरतात किंवा बातिल ठरतात. इजिप्तमधले मालिकी फकीह शिहाबुद्दीन कराफी (मृत्यू १२८५) यांनी ‘अल-फुरूक’ या आपल्या ग्रंथात खबर आणि इन्शा यांच्यातल्या फरकाची स्वतंत्र चर्चा केली आहे. निकाहाचे शब्द भूतकाळी का, ‘कबूल करीन’ नव्हे तर ‘मैंने कबूल किया’ असे का, याचे फुकहांनी दिलेले कारण बैलबाजारातलेच आहे. भविष्यकाळात नुसता वायदा राहतो. भूतकाळात शंका राहत नाही.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात हा विचार ऑक्सफर्डचे जे. एल. ऑस्टिन यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेली व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ साली पुस्तकरूपाने आली. बोलणे हेही एक करणे असते, हे त्यांनी लग्नाच्या, पैजेच्या, मृत्युपत्राच्या, जहाजाला नाव देण्याच्या उदाहरणांनी दाखवले. असा शब्द फळाला यायचा तर त्यामागे सर्वांना मान्य असलेली रीत हवी, बोलणारा त्या जागी अधिकाराचा हवा, आणि ती रीत अर्धवट न सोडता पुरी व्हायला हवी, असे त्यांचे म्हणणे. ‘आमच्याकडे हे आधीच होते’ म्हणून पाठ थोपटून घेण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. उलट ज्या परंपरेने शब्दाच्या कर्तृत्वाचा इतका विचार केला, त्या परंपरेच्या वारसांनी निकाह आणि तलाक या दोन शब्दांची जी हेळसांड केली आहे, ती पाहून मन खिन्न होते.

आता दुसरा धागा. १९७६ साली एम. ए. के. हॅलिडे यांच्याबरोबर रुकैया हसन यांनी इंग्रजीतल्या मजकुराच्या सांधेजोडीवर एक पुस्तक लिहिले. भाषाविज्ञानात ते आजही पायाभूत मानले जाते. रुकैया हसन यांचा जन्म १९३१ साली उत्तर प्रदेशातल्या प्रतापगढचा; पुढे त्या ऑस्ट्रेलियात अध्यापक झाल्या आणि २०१५ साली वारल्या. एका हिंदुस्थानी मुसलमान बाईचे नाव जगभरचे भाषाशास्त्राचे विद्यार्थी घेतात आणि आपल्या मुलींना ते माहीत नसते, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. त्या पुस्तकाचा प्रश्न साधा आहे. वाक्यांच्या ढिगाला मजकूर कशामुळे म्हणायचे? उत्तर असे की, एका वाक्यातला काही भाग दुसऱ्या वाक्यावाचून उलगडत नाही, तेव्हा ती दोन वाक्ये एकमेकांना बांधली जातात. ‘ती आली’ यातली ‘ती’ कोण, हे मागच्या वाक्यात असते. ‘चहा घेणार?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटले की त्या ‘हो’चा सगळा अर्थ प्रश्नात असतो. एकटा ‘हो’ म्हणजे काहीच नाही.

निकाहातला ‘कबूल’ हा असाच ‘हो’ आहे. काय कबूल, कोण कबूल, किती मेहरवर कबूल, हे त्या शब्दात कुठेही नाही. ते सगळे आधीच्या वाक्यात, म्हणजे इजाबात आहे. म्हणून तर फिकहने इजाब आणि कबूल एकाच मजलिसमध्ये हवेत अशी अट घातली, दोघांचे बोल साक्षीदारांनी ऐकले पाहिजेत असे सांगितले. हे नियम म्हणजे मजकुराची शिवणच आहे.

आणि प्रत्यक्षात काय होते? मराठवाड्यातल्या किंवा कोकणातल्या एखाद्या घरात आतल्या खोलीत मुलगी मान खाली घालून बसलेली असते. भोवती बायकांची गर्दी. वकील आणि दोन गवाह दारातून येतात आणि फार्सीमिश्रित उर्दूत एक लांबलचक वाक्य घाईने उच्चारले जाते. त्यात ‘सिक्का-ए-राइजुल-वक्त’ येते, ‘ब-एवज’ येते. मुलगी मराठी शाळेत शिकलेली, घरात कोकणी बोली किंवा दखनी बोलणारी. त्या वाक्यातले स्वतःचे आणि नवऱ्याचे नाव तेवढे तिला कळते. मग कोणीतरी कोपराने ढोसते, ‘बोल ना, कबूल है.’ ती म्हणते. शब्द उच्चारला गेला, गवाहांनी ऐकला, सह्या झाल्या. पण ज्या वाक्याला तो शब्द लोंबकळतो आहे ते वाक्यच तिच्यापर्यंत पोचले नसेल, तर तिने कबूल काय केले? फिकहच्या तोंडी हिशेबाने निकाह लागला. आम्ही त्यावर शंका घेत नाही. आमचा प्रश्न नीतीचा आहे. शब्द तिचा आणि मजकूर दुसऱ्याचा, अशा कराराला तिचा करार म्हणायचे का? इजाब मराठीत वाचायला शरीअतची कोणतीही हरकत नाही. अडचण आहे ती सवयीची, आणि थोडी प्रतिष्ठेची.

मेहरचे पाहा. मेहर दोन प्रकारची, लगेच द्यायची आणि मागाहून द्यायची. उर्दू लिपीत पहिल्या शब्दात ‘ऐन’ हे अक्षर आहे आणि दुसऱ्यात ‘हमजा’. एका अक्षराचा फरक, आणि अर्थ मात्र अगदी उलटे. आपण ते देवनागरीत लिहितो तेव्हा दोन्हींचे ‘मुअज्जल’ होते. म्हणजे मराठीत भरलेल्या निकाहनाम्यावर नुसते ‘मेहर मुअज्जल’ असे लिहिलेले असेल तर ती रक्कम आज द्यायची की तलाक वा मृत्यूच्या वेळी, हे त्या कागदावरून सांगता येणार नाही. ‘नगद’ आणि ‘उधार’ हे आपले रोजचे शब्द तिथे लिहिले की काम भागते. पण धार्मिक कागदावर बाजाराचे शब्द कसे लिहायचे, असा संकोच होतो. बैल विकताना मात्र आपण फार स्पष्ट असतो.

कुमारिकेच्या बाबतीत तर शब्दही लागत नाही. तिचे मौन हीच तिची संमती, असे हदीसमध्ये आले आहे. त्यामागची माया समजण्यासारखी आहे. लाजणाऱ्या मुलीला चारचौघांत बोलायला लावू नये, पण तिला विचारल्यावाचून पुढेही जाऊ नये. विचारणे हा त्यातला मुख्य भाग. फुकहांनी तर उपहासाने हसली तर ती संमती नव्हे, इतका बारीक विचार केला. पण मौनाला अर्थ येतो तो आधीच्या प्रश्नामुळे. प्रश्न खरा असेल, ‘नाही’ म्हणायची वाट उघडी असेल, तरच मौन बोलते. मांडव पडला आहे, बिर्याणीच्या देगी चुलीवर चढल्या आहेत, वरात दारात आली आहे, आणि आता मुलीला विचारायचे. मग तिच्या मौनाचा अर्थ कोणता घ्यायचा?

निकाहाला एवढी शिवण आणि तलाकला काय? आपल्या समाजात शतकानुशतके चाललेल्या समजुतीप्रमाणे तलाकला काहीच नको. साक्षीदार नको, मजलिस नको, समोर बायको नको, कारण नको. निकाह दोघांच्या शब्दांनी लागतो आणि एकाच्या शब्दांनी मोडतो. ऑस्टिन यांनी नाटकात, थट्टेत बोललेले शब्द आपल्या विवेचनातून बाजूला काढले होते. आपल्याकडे उलट आहे. निकाह, तलाक आणि रुजू या तीन गोष्टी थट्टेत बोलल्या तरी मोजल्या जातील, असे हदीसमध्ये आहे. पुरुषांनी बायकांच्या आयुष्याशी खेळ करू नये, तोंड सांभाळावे, हा त्या धाकाचा हेतू असणार असे आम्ही समजतो. पण धाक पुरुषाला आणि दंड बाईला, असे त्याचे होऊन बसले. हनफी फिकहमध्ये नशेतला तलाकही लागू झाला. ‘माहेरी जा’ असे आडून बोललेले वाक्यही, नवऱ्याची नियत तशी असेल तर, तलाक ठरू शकते. चुलीजवळ रोज बोलली जाणारी ही वाक्ये. त्यातले कोणते नुसते रागाचे आणि कोणते संसार मोडणारे, हे ऐकणारीला कळायचे कसे? ते बोलणाऱ्याच्या पोटात. २००६ साली पश्चिम बंगालमधून एक बातमी आली होती. नवरा झोपेत तीनदा ‘तलाक’ बरळला आणि गावातल्या वडीलधाऱ्यांनी जोडप्याला वेगळे व्हायला सांगितले. झोपलेल्याचा शब्द कोणत्याही मसलकमध्ये धरत नाहीत. पण गावाने तो ऐकला होता, आणि गावाला तेवढे पुरले.

आता ज्या ग्रंथाच्या नावाने हे चालते त्याच्याकडे वळू. उर्दूत ‘सियाक-ओ-सबाक’ असा सुंदर शब्द आहे, मागचे-पुढचे. सूरह बकराच्या २२८ ते २३२ या आयतींत तलाक कोणत्या क्रमाने येतो? आधी इद्दत, तीन ‘कुरू’ थांबणे. (हनफी त्याचा अर्थ पाळी घेतात आणि कोकणातले आपले शाफई बांधव दोन पाळ्यांमधला शुद्धीचा काळ घेतात.) त्या थांबण्यात पुन्हा एकत्र येण्याची वाट. मग तलाक दोन वेळा, आणि प्रत्येक वेळी भलेपणाने ठेवून घेणे किंवा भलेपणाने निरोप देणे. तिला दिलेले परत न घेणे. तिसऱ्या वेळेची गोष्ट याच्या नंतर. सूरह निसामध्ये दोन्ही घरांतले एकेक मध्यस्थ, सूरह तलाकमध्ये दोन न्यायी साक्षीदार. या सगळ्या मजकुरात तलाक हा शब्द एका लांब रस्त्यावरचा मैलाचा दगड आहे. आपण ते दगड उपटले आणि एकावर एक रचून म्हणालो, झाला प्रवास.

अकराव्या शतकातले अब्दुल काहिर जुर्जानी यांनी कुरआनच्या वैभवाचे रहस्य सुट्या शब्दांत नसून ‘नज्म’मध्ये, म्हणजे शब्दांच्या परस्पर गुंफणीत आहे, असे मांडले. आपल्याच देशात आझमगढकडचे हमीदुद्दीन फराही (१८६३–१९३०) आणि त्यांचे शागिर्द अमीन अहसन इस्लाही (१९०४–१९९७) यांनी तो विचार आयतींच्या आणि सूरहच्या गुंफणीपर्यंत नेला. आयत तोडून वाचू नये, हा त्यांचा आग्रह. मदरशांतून ही नावे आदराने घेतली जातात. तलाकचा फतवा द्यायची वेळ आली की मात्र नज्म कपाटात जाते.

हजरत उमर (रजि.) यांच्या काळापर्यंत एका दमात दिलेले तीन तलाक एकच धरले जात आणि लोक उतावीळपणा करू लागले म्हणून त्यांनी तिन्ही लागू केले, अशी रिवायत ‘सहीह मुस्लिम’मध्ये इब्न अब्बास यांच्याकडून आली आहे. उतावळ्या पुरुषांना बसवलेली ती चपराक होती. पुढे तिचा कायमचा कायदा झाला. चौदाव्या शतकात इब्न तैमिया यांनी तीनचा एकच धरला, अहले-हदीस आजही तसेच धरतात, इजिप्तने १९२९ साली तसा कायदा केला. बहुसंख्य फुकहा मात्र एका विचित्र वाक्यावर थांबले. अशा तलाकला त्यांनी ‘बिदअत’ म्हटले, देणारा गुनाहगार म्हटले, आणि तलाक लागू झाला असेही म्हटले. म्हणजे पाप आहे, पण चालते.

आपल्याकडे या प्रश्नाला रस्त्यावर आणले ते हमीद दलवाई यांनी. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर गेला. सातच बायका! त्यांचाही शब्द होता, पण त्याला ऐकणारा समाज मिळाला नाही. न्यायालयात हालचाल झाली ती २००२ साली. त्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दगडू पठाण प्रकरणात पूर्णपीठाने, आणि ऑक्टोबरमध्ये शमीम आरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, एक गोष्ट स्पष्ट केली. शमीम आरा यांनी पोटगी मागितली, तेव्हा नवऱ्याने १९९० च्या लेखी जबाबात लिहिले की, आपण १९८७ सालीच तलाक दिला आहे. न्यायालय म्हणाले, तलाक दिला होता असे सांगणे म्हणजे तलाक देणे नव्हे. तो दिला गेला हे सिद्ध करावे लागेल. कारण हवे, समेटाचा प्रयत्न झालेला हवा. कराफी असते तर म्हणाले असते, ही खबर आहे, इन्शा नव्हे. न्यायमूर्तींपुढे ‘अल-फुरूक’ नव्हते. पण जे आपल्या मुफ्तींनी आधी सांगायला हवे होते, ते त्यांनी सांगितले.

पुढे २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तात्काळ तिहेरी तलाक रद्द ठरवला. २०१९ च्या कायद्याने तो शून्यवत आणि बेकायदा ठरवून उच्चारणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. इथे आम्ही थोडे थबकतो. शब्द शून्य असेल तर त्याने काही घडले नाही. निकाह होता तसा आहे. मग शिक्षा कशाची? फुकहा म्हणाले होते, पाप आहे पण लागू. संसद म्हणाली, लागू नाही पण गुन्हा. एकच वाक्य उलटे धरलेले. दोन्हीकडे सगळे लक्ष पुरुषाच्या त्या तीन शब्दांवर, त्याच्या जिभेवर. कायद्याने बाईला निर्वाह भत्ता आणि अज्ञान मुलांचा ताबा मागण्याचा हक्क दिला, तक्रार तिच्या किंवा तिच्या नातेवाइकांच्या हाती ठेवली, ही त्यातली चांगली बाजू आहे आणि ती मान्य केली पाहिजे. परंतु नवरा तुरुंगात गेल्यावर तिच्या हाती काय येते, याचे उत्तर तीन शब्दांत नाही.

कारण पुरुष आता बोलतच नाहीत. ते बायकोला माहेरी पोचवतात आणि फोन उचलत नाहीत. तलाक नाही, संसार नाही. बायकोला अशी लटकत ठेवू नका, असे कुरआनने सूरह निसामध्ये बजावले आहे. हे न बोलणेही एक करणेच आहे, आणि २०१९ चा कायदा त्याला शिवत नाही. पोटगीचा सर्वसाधारण कायदा आहे. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तलाकशुदा मुस्लिम बाईलाही तो खुला असल्याचे पुन्हा सांगितले. पण पोटगी म्हणजे सुटका नव्हे.

सुटकेचा शब्द बाईकडे कधी होता? होता, आणि तो कोणता ते आठवावे. विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबात, छळातून सुटायला दुसरी वाट नाही म्हणून काही बायका इस्लाम सोडल्याचे जाहीर करू लागल्या. हनफी मताने बायको धर्माबाहेर गेली की निकाह आपोआप तुटे. चारी बाजूंनी कोंडलेल्या बाईच्या तोंडी उरलेला हा एकच परिणामकारक शब्द! मौलाना अशरफ अली थानवी हादरले. त्यांनी मालिकी मसलकचा आधार घेऊन बायकांना काजीकडून निकाह तोडून घेण्याची वाट मोकळी केली, आणि त्यातून १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आला. उलेमांनी मनात आणले की मसलकची कुंपणे ओलांडता येतात, हे त्यावेळी दिसले. मात्र त्यासाठी बायकांना ईमान पणाला लावावे लागले.

दुसरा एक शब्द मात्र फिकहमध्ये पहिल्यापासून आहे आणि फारसा कोणी वापरत नाही, तफवीज. नवऱ्याने आपला तलाकचा अधिकार निकाहाच्या वेळी, ठरावीक अटींवर, बायकोला सोपवायचा. अमुक महिने खर्च दिला नाही, मारहाण केली, दुसरा निकाह केला, तर ती स्वतः तो शब्द उच्चारू शकते. हनफी फिकहला हे मान्य आहे, आपल्या न्यायालयांनीही ते मानले आहे. पाकिस्तानच्या निकाहनाम्यात त्यासाठी अठरावा रकाना आहे. मुलीला विचारण्याआधीच अनेकदा त्यावर आडवी रेघ मारलेली असते. आपल्याकडच्या पुष्कळ छापील निकाहनाम्यांत तो रकानाच नसतो, पण वेगळ्या कागदावर ती शर्त लिहायला अडचण नाही.

निकाहाच्या दिवशी याला वेळ नसतो, हे खरे. पण बोलणी होतात त्या बैठकीत मेहर, दागिने, किती माणसे जेवायला येणार, मटण की मुर्गी, हे सगळे तासन्‌तास चालते. त्याच बैठकीत ही एक ओळ मांडायला मुलीच्या बापाला काय अडते, असे आम्ही काही ठिकाणी विचारून पाहिले आहे. ‘लग्नाच्या बोलण्यात तलाकचे नाव काढणे अपशकुनी वाटते’ असे उत्तर मिळते. उधार मेहरची रक्कम लिहिताना ती तलाकच्या नाहीतर मौतच्या वेळी द्यायची असते, हे बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तेव्हा अपशकुन कोणालाच आठवत नाही.